सातव्या जागेवरचा ऑक्सिजन

सोमवार, ७ ऑक्टोबर

रजा संपली. नऊ वाजता कामावर गेलो. यंत्राच्या खोलीत तापमान बावीस अंश, पाण्याचा पंप चालू, द्रव नायट्रोजनची टाकी अर्ध्याखाली. टेबलावर नमुन्यांच्या सतरा बाटल्या साठल्या होत्या. दोन मोजल्या. पाचला निघालो. घरी येऊन आंघोळ केली, जेवलो.

बायकोला जाऊन एक्केचाळीस दिवस झाले. २७ ऑगस्टला, मंगळवारी, शिकवता शिकवता फळ्याजवळ खाली बसली ती उठली नाही. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली. डॉक्टर म्हणाले, हे कधीही आणि कुठेही झालं असतं. झोप लागत नाही म्हटल्यावर त्यांनीच सांगितलं, रोज चार ओळी लिहीत जा. मला सवय फक्त यंत्राच्या नोंदवहीची आहे. तीच पद्धत इथे चालवतो.

विभागात मला सगळे क्ष म्हणतात, कारण एकोणीस वर्षं मी क्ष-किरणांचं यंत्र चालवतो. आज कुणी तशी हाक मारली नाही. जिन्यात भेटलेले लोक भिंतीला टेकून वाट देत होते, मी कपाट वाहून नेत असल्यासारखी.

बुधवार, ९ ऑक्टोबर

दुपारी मोठ्या बाई खाली आल्या. त्या तिच्या वरिष्ठ. तिने बनवलेल्या शेवटच्या संयुगावरचा लेख दोघींच्या नावे पाठवलेला आहे, आणि मोजमाप माझं म्हणून शेवटी माझंही नाव आहे. बाई स्टुलावर बसल्या, चष्मा पुसला, परत पुसला.

"नियतकालिकाकडून पत्र आलंय, क्ष. तपासणाऱ्याने दोन गोष्टी मागितल्यात. तुला जमेल का आत्ता?"

"काम आहे. जमेल."

पत्र वाचलं. लेखाचा सगळा जीव एका आकड्यात आहे, म्हणून इथे लिहून ठेवतो. धातूच्या अशा संयुगात मधोमध धातूचा अणू असतो आणि भोवताली काही अणू त्याला थेट धरून असतात. किती, त्याला कोऑर्डिनेशन नंबर म्हणतात. तो कळला की आकारही बहुतेक कळतो. सहा असतील तर वर एक, खाली एक, कंबरेभोवती चार. तिने बनवलेल्या संयुगांच्या घराण्यात आजवर सगळी सहाची. हे पहिलं सातचं. सहा अणू ठरल्या जागी, आणि तिघांच्या मधल्या खळग्यावर सातवा बसलेला, पाण्याच्या रेणूतला ऑक्सिजन. जुलैमध्ये तो मीच शोधला.

तपासणारा म्हणतो, हा सातवा जरा लांब आहे आणि त्याचं वागणं संशयास्पद आहे. एक, नवीन स्फटिक घेऊन कमी तापमानात पुन्हा मोजा. दोन, पाणी असेल तर तापवल्यावर उडून जाईल आणि वजन शेकड्याला तीन घटेल. ते मोजमाप लेखात का नाही?

"वजनाचं ती करत होती," बाई म्हणाल्या. "शेवटचा महिनाभर भट्टीपाशीच असायची. तिच्या वहीत असेल. वही अजून तिच्या कपाटात आहे. मी हात लावला नाही."

"बघतो."

"आणि हे बघ, विभागप्रमुख म्हणताहेत की लेख छापून आला की ती आकृती मोठी करून वरच्या प्रयोगशाळेत लावायची. तिच्या नावासकट. तुझी हरकत नाही ना?"

हरकत नाही म्हणालो.

शुक्रवार, ११ ऑक्टोबर

तिचा फोन मी चार्ज करून ठेवतो. कामाचा निरोप येऊ शकतो. आज दातांच्या दवाखान्यातून एक बाई बोलत होत्या. सोमवारची वेळ ठरली आहे, येणार ना?

"सोमवारी जमणार नाही," मी म्हणालो.

"मग कधीची देऊ?"

त्यांनी परत विचारलं.

"पुढच्या महिन्यातली द्या."

त्यांनी दिली. १२ नोव्हेंबर, साडेदहा. मी कागदावर लिहून घेतली.

सासूबाई गेल्या दीड महिन्यापासून इथेच आहेत. माझी काळजी घ्यायला आल्यात असं त्या म्हणतात. मी त्यांची घेतोय असं माझा मेहुणा म्हणतो. आज ताट वाढताना म्हणाल्या, "शेवटी शेवटी पोरगी घरी असायचीच कुठे? फोन केला की भट्टीपाशी. स्वयंपाकघरातल्या शेगडीपाशी कधी एवढी उभी राहिली नाही."

खरं आहे. जुलैच्या शेवटापासून ती आठ-साडेआठला घरी यायची. मी एकदा म्हणालो होतो, "घरी यायचं की तिथेच अंथरूण टाकायचं?" ती चपला काढत हसली. म्हणाली, "तुझंच पाणी शोधतेय, बाबा. सापडलं की येते वेळेवर." मला त्याचा अर्थ लागला नाही. मी रागात होतो. विचारलं नाही.

सोमवार, १४ ऑक्टोबर

जुलैमधली मोजमापं संगणकावर उघडली.

पद्धत अशी. स्फटिकावर किरण सोडले की ते हजारो ठिपक्यांत विखुरतात. ठिपक्यांवरून संगणक एक नकाशा काढतो, इलेक्ट्रॉन कुठे दाट आहेत त्याचा. नकाशावर उंचवटे दिसतात. हा उंचवटा कार्बन, हा नायट्रोजन, हा ऑक्सिजन, अशी नावं देणं माझं काम. उंचवटा स्वतःचं नाव सांगत नाही.

१८ जुलैच्या नोंदीत एक ओळ आहे: जाळीत न बसणारे ठिपके, एकोणीस टक्के. म्हणजे स्फटिकातल्या अणूंच्या नेमक्या मांडणीशी न जुळणारे. दोन-तीन टक्के नेहमीच असतात. एकोणीस म्हणजे थांबून बघायला हवं. माझ्या हाताखाली शिकायला येणाऱ्याला मी पहिल्या दिवशी हेच सांगतो.

त्या दिवशी मी थांबलो नव्हतो. संगणकाने विचारलं, न बसणारे ठिपके वगळू? मी हो म्हणालो. ती माझ्या खुर्चीमागे उभी होती. "सहा की सात? सांग ना रे लवकर, तास आहे मला," असं म्हणत होती. नकाशात सातव्या जागी उंचवटा आला. उंची ऑक्सिजनएवढी. मी म्हणालो, "सात." तिने माझ्या टाळूवर टपली मारली आणि पळत जिना चढली. वरच्या मजल्यावर दार आपटल्याचं ऐकू आलं होतं.

आणखी एक. आमच्या खोलीचा नियम आहे की स्फटिक मी निवडायचा, बनवणाऱ्याने नाही. बनवणारा नेहमी सगळ्यात देखणा उचलतो, आणि देखणे स्फटिक बऱ्याचदा जुळे असतात. म्हणजे दोन स्फटिक एकमेकांत वाढलेले, बाहेरून एकच दिसणारे. एकोणीस वर्षांत कुणासाठीही हा नियम मोडला नाही. त्या दिवशी तिने स्वतः उचललेला स्फटिक मी दांडीवर चढवला. तासाला उशीर होत होता म्हणून.

टाकी भरून घेतली. नळकांडी आणणारा म्हणाला, "साहेब, तुम्ही नव्हता तर आम्हाला ओरडायलाच कुणी नव्हतं. गोडी गेली कामातली." मी सही केली.

गुरुवार, १७ ऑक्टोबर

तिच्या उरलेल्या बाटल्या वरून आणल्या. तीन आहेत, तिच्या अक्षरातल्या चिठ्ठ्यांसकट. सकाळपासून सूक्ष्मदर्शकाखाली होतो. साधा स्फटिक खास काचेखाली फिरवला की एका कोनात सबंध काळा पडतो. जुळा असेल तर अर्धा काळा पडतो आणि अर्धा उजळ राहतो.

चाळीस पाहिले. सुंदर पिवळे, धारदार कडांचे. सगळे अर्धे उजळ. एक्केचाळिसाव्याचा कोपरा ब्लेडने कापला. तो ओबडधोबड तुकडा सबंध काळा पडला. तेलाच्या थेंबात घेऊन चढवला, थंड वाफेखाली गोठवला. मोजमाप सुरू केलं.

शुक्रवार, १८ ऑक्टोबर

सहा.

सातव्या जागी काही नाही. नकाशा तिथे सपाट आहे.

जुना संच पुन्हा घेतला, या वेळी दोन स्फटिक धरून. सगळे ठिपके बसले. दुसऱ्या स्फटिकाचा वाटा पाचवा हिस्सा. मधल्या धातूचे इलेक्ट्रॉन बेचाळीस. त्याचा पाचवा हिस्सा साधारण आठ. ऑक्सिजनचे आठ. म्हणजे मी ज्याला पाण्यातला ऑक्सिजन म्हटलं, ती दुसऱ्या स्फटिकातल्या धातूचीच सावली होती.

दुपारी बाईंच्या खोलीत जाऊन कागद समोर ठेवले. त्यांनी शांतपणे सगळे पाहिले. मग उठून दार लावलं.

"कुणाला बोललास?"

"नाही."

"मग ऐक. मी दोन ओळी लिहून देते, की सातवं बंधन दुर्बळ आहे, लांब आहे, पुढे अभ्यास चालू आहे. छापतील ते. माणूस गेलंय हे त्यांना कळवलंय. कोण खोदत बसतंय?"

"बाई, तिथे काही नाहीये."

"मला समजतंय रे काही नाहीये! तीस वर्षं हेच शिकवतेय मी." त्यांचा आवाज चढला आणि लगेच बसला. "तिचं शेवटचं काम आहे, क्ष. बाकीचे लेख तिचे कुणी उघडून बघणार नाही. हा बघतील. सहाचा असेल तर हाही नाही बघणार. आणि चूक कुणाच्या नावावर येईल? तुझ्या. बोट ठेवायला जागा दिली नाहीस तू इतक्या वर्षांत."

मी म्हणालो, सोमवारी सांगतो. नाहीतरी वजनाचे आकडे बघायचेच आहेत.

घरी चालत आलो. बाईंचं म्हणणं मला पटलं. सहा की सात, कुणाचं काय अडतंय? या संयुगाचं औषध होणार नाही, रंग होणार नाही. जगात वीसेक माणसं ते वाचतील. मी तोंड बंद ठेवलं तर भिंतीवर तिची आकृती लागेल आणि मी रोज जिन्यातून जाताना ती बघेन. वाईट काय आहे त्यात, हे मला ठरवता आलं नाही.

रविवार, २० ऑक्टोबर

समोरच्या घरातल्या बाई आल्या होत्या. सासूबाईंनी त्यांना संत्र्यात दात कोरायच्या काड्या खोचून दाखवल्या. हे तिनेच त्यांना शिकवलं होतं.

"ही वर, ही खाली, या चार कडेने. हे सगळ्यांनाच जमतं. आमच्या पोरीने ही सातवी बसवली." आणि तिघींच्या मधे सातवी काडी खोचली. "हो की नाही हो, जावईबापू?"

"हं," म्हणालो.

"बघा. यांना एवढं बोलवायला आमची पोरगी वीस वर्षं खपली."

त्या बाई हसल्या. मीही हसलो असेन. संत्रं दिवसभर टेबलावर होतं. संध्याकाळी सासूबाईंनी काड्या काढून ते सोललं आणि अर्धं मला दिलं.

सोमवार, २१ ऑक्टोबर

तिचं कपाट उघडलं. कोट, चप्पल, खडूचा डबा, वही. वही खाली आणून यंत्राच्या खोलीत वाचली.

वजनाच्या नोंदी २३ जुलैपासून आहेत. पाच दिवस आधी मी सात सांगितलं होतं. काही इथे उतरवतो.

"२३ जुलै. १०४.६ मिलिग्रॅम. एकशे दहा अंश, दोन तास. नंतर १०४.५. घट नाही. भट्टी तपासणे."

"२९ जुलै. भट्टी ठीक. ९८.२, नंतर ९८.२. स्फटिक आधीच वाळले असतील. नवीन बनवणे."

"६ ऑगस्ट. ताजे घेतले, टिपकागदावर टिपून लगेच. बाहेरचं पाणी गेलं. आतलं नाही."

"१४ ऑगस्ट. नववी वेळ. एकशे ऐंशीपर्यंत नेलं. वजन तेच. दोनशे तीसला काळं पडलं. पाणी नाहीच म्हणावं, तर क्ष म्हणतो सात. क्ष चुकत नाही. माझंच काहीतरी चुकतंय."

"२१ ऑगस्ट. बारावी. घट ०.१. हात स्वच्छ, वाटी स्वच्छ, तराजू स्वच्छ. काय करू?"

"२६ ऑगस्ट. चौदावी. घट नाही. उद्या तराजू तपासायला माणूस बोलावणे."

पुढची पानं कोरी.

भट्टी तापायला एक तास, आत ठेवायचे दोन, निवायला एक. एका वेळेला चार तास. चौदा वेळा, म्हणजे छप्पन तास. तिने खाली येऊन विचारलं असतं, "तुझं सात नक्की ना?" तर मी नोंद उघडली असती आणि एकोणीस टक्के दिसले असते. पाच मिनिटांचं काम. तिने विचारलं नाही. मी वर जाऊन विचारलं असतं की रोज एवढा उशीर कशाला, तरीही पाचच मिनिटं लागली असती. मी घरी बसून विचारलं, आणि तेही टोमणा मारून.

तराजू तपासणाऱ्याला मी फोन केला. तो म्हणाला, ऑगस्टमध्ये कुणी बोलावलं नव्हतं. हो, म्हणालो.

मंगळवार, २२ ऑक्टोबर

पाच नमुने मोजले.

बुधवार, २३ ऑक्टोबर

सहा नमुने. एक जुळा निघाला, परत पाठवला. ज्याचा होता तो कुरकुरत होता, पण किती देखणा आहे म्हणून. मी काचेखाली दाखवलं. "अरेच्चा," म्हणाला.

शुक्रवार, २५ ऑक्टोबर

सोमवारी सांगतो म्हणालो होतो, आज गेलो. वही बाईंसमोर उघडी ठेवली. त्या वाचत गेल्या. बोटाने एक एक ओळ. चौदाव्या नोंदीवर बोट थांबलं.

"मला म्हणाली होती, जरा वजनाचं जुळत नाहीये. मी म्हटलं, होतं असं, परत कर." बाईंनी वही मिटली. "मीच म्हटलं, परत कर."

खिडकीबाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत होतं, बराच वेळ, कुणाला तरी बोलावत असावं.

"तिचे आकडे बरोबर आहेत," मी म्हणालो. "चौदाही. सात छापलं तर हे चौदा आकडे चुकीचे ठरतात. ते मला नको."

"आणि तुझं काय?"

"माझं चुकलंय. तसं लिहायचं."

"विभागप्रमुख भडकतील. भिंतीवरच्या आकृतीचं सगळीकडे सांगून बसलेत ते."

"सहाची लावा."

"सहाची कोण लावतं, क्ष? सहाची प्रत्येक पुस्तकात असते." त्या पदराने नाक पुसत हसल्या. मग म्हणाल्या, "बरं. लिही तू. मी वाचते. आडवं यायला मला आता तोंड नाही."

सोमवार, २८ ऑक्टोबर

विभागप्रमुखांनी बोलावलं. म्हणाले, "अहो, दुःखात माणूस स्वतःला दोष देतो. एखादा महिना थांबा, मग ठरवा." मी नकाशे दाखवले. ते आधी पुढे वाकून बघत होते, मग मागे टेकून बसले. "गेल्या पाच वर्षांतले आमचे सगळे नमुने तुम्हीच मोजलेत," म्हणाले. मी म्हणालो, न बसणारे ठिपके पाच टक्क्यांवर असलेले सगळे संच मी पुन्हा काढतोय. आतापर्यंत एकशेदहा बघितले. दुसरा असा एकही नाही. त्यांनी मान हलवली. चिडले नाहीत. लेखी द्या म्हणाले, मोजमापात चूक झाली असं, सहीनिशी, विभागाच्या नोंदीसाठी. दिलं.

संध्याकाळी सासूबाईंना सांगायचं ठरवलं होतं. त्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या.

"आई, ते सातवं नाहीये."

"कोण नाहीये?"

"ती सातवी काडी. सहाच आहेत. लेखात आता सहा छापतील."

त्यांनी हातातला टॉवेल मांडीवर ठेवला. "म्हणजे पोरगी चुकली?"

"नाही. मी चुकलो. मी तिला सात सांगितलं."

"आणि ती?"

"ती तपासत होती. चौदा वेळा तपासलं. तिला सात सापडत नव्हतं. तिचं बरोबर होतं."

"म्हणून भट्टीपाशी?"

"हो."

सासूबाई ओरडतील असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "बरोबर आहे तुझं, असं तिला कुणी सांगितलं?"

"नाही. मला कळलं तेच गेल्या आठवड्यात."

"लहानपणी गणित बरोबर आलं तरी उत्तर खोडायची," त्या म्हणाल्या. "शेजारच्या मुलाचं वेगळं आलं की आपलं खोडायची. मी पाठीत धपाटा घालायची, की आधी त्याला विचार तरी." त्यांनी टॉवेलची घडी पुरी केली. ती वाकडी झाली, परत उलगडून परत घातली. "तुम्ही जेवून घ्या. मला भूक नाही."

मी जेवलो. त्यांच्या खोलीचा दिवा लगेच बंद झाला.

गुरुवार, ३१ ऑक्टोबर

पत्र पाठवलं. शेवटचा मसुदा बाईंनी दोनदा दुरुस्त केला. मी लिहिलं होतं, "मोजणाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे." बाईंनी ते खोडून "स्फटिक जुळा असल्याचं मोजणाऱ्याच्या लक्षात न आल्यामुळे" केलं. म्हणाल्या, विज्ञानाच्या लेखात शिव्या चालत नाहीत, स्वतःलासुद्धा. पुढचं वाक्य माझंच ठेवलं: "संयुगात पाणी नाही, हे प्रथम लेखिकेने तापवून केलेल्या चौदा स्वतंत्र वजनांतून, या दुरुस्तीच्या आधीच, सिद्ध केलेलं होतं." चौदाही आकडे तक्त्यात घातले. शीर्षकातला सात काढला. शीर्षक आता अगदी साधं आहे.

मेहुणा सासूबाईंना न्यायला आला. माझ्यासमोर काय बोलावं ते त्याला कळत नव्हतं, म्हणून त्याने नळाची गळती बघितली, दिव्याचं बटण बघितलं, दाराच्या बिजागरीला तेल घातलं. सासूबाई गाडीत बसून काच खाली करून म्हणाल्या, "रविवारी फोन करायचा. मी वाट बघत बसणार नाही, पण करायचा."

"करतो."

"आणि बोलायचं त्याच्यावर. हं-हं करून ठेवायचा नाही."

गाडी वळेपर्यंत उभा राहिलो. वर येऊन त्यांच्या खोलीतली खिडकी लावली.

रविवार, ३ नोव्हेंबर

फोन केला. चार मिनिटं बोललो. त्यांनी विचारलं, पत्राचं उत्तर आलं का? नाही म्हणालो. त्या म्हणाल्या, तिथल्या बायकांना त्यांनी सांगितलंय की सहाच आहेत आणि ते पोरीने आधीच ओळखलं होतं. मग दोघांनी फोन ठेवला.

मंगळवार, ५ नोव्हेंबर

दातांच्या दवाखान्याला फोन केला. बारा तारखेची वेळ रद्द करा म्हणालो. पुढची कधीची, त्यांनी विचारलं. पुढची नको. ती ऑगस्टमध्ये गेली. "अगं बाई," पलीकडून आवाज आला, मग कागद चाळल्याचा आवाज. कार्ड काढून टाकते म्हणाल्या. बरं म्हणालो.

शनिवार, ९ नोव्हेंबर

काल संध्याकाळी नियतकालिकाचं उत्तर आलं. चार ओळींचं. दुरुस्ती मान्य, लेख छोट्या टिपणाच्या रूपात घेत आहोत, वजनांचा तक्ता समाधानकारक आहे. "समाधानकारक" एवढंच. बाईंनी ते छापून काढलं आणि तिच्या वहीत, चौदाव्या नोंदीसमोर, टाचणीने लावलं. मी जिन्यात उभा राहून पाहिलं. भिंतीवर काही लागणार नाही, असं विभागप्रमुखांनी कळवलंय.

वही माझ्याकडे दिली नाही. विभागाच्या कपाटात राहील, पुढच्यांना लागेल, म्हणाल्या. ते बरोबर आहे.

आज सुट्टी. सकाळी उशिरा उठलो. सात तास झोप झाली. कपडे धुतले, वाळत घातले. शर्टाचं बटण लावताना नख धाग्यात अडकलं तेव्हा लक्षात आलं, की नखं फार वाढली आहेत. कधी कापली होती ते आठवेना. इतकी वाढलेली घेऊन मी स्फटिक उचलत होतो.

गॅलरीत वर्तमानपत्र पसरून बसलो. आधी डाव्या हाताची कापली. मग उजव्या हाताची. डाव्या हाताने कापायला वेळ लागतो, नेलकटर घसरतं. घाई नव्हती. एका वेळी एक कापलं, आणि झाल्यावर कागदाची पुडी करून कचऱ्यात टाकली.